खुणेवर अंगठा

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या असं ठरवलं. चार हजार दोनशे सभासदांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हटल्यावर उद्या कुणी जाब विचारला तर हाताशी काहीतरी हवं. कचेरीत पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय. कागद नसला की माणूस खोटा पडतो, हे मला कुणी शिकवायला नको.

ग्रुप हौशी गळवाल्यांचा. मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा आणि आठवडाभर त्यावर बोलायचं. नियम नऊ आहेत, पण ग्रुपचा जीव चौथ्यात. स्वतःचा माल, दुकान, चॅनेल यांतलं काहीही इथे मिरवायचं नाही, आणि फोटोत रॉडवर किंवा रिळावर कुणाचं नाव दिसत असेल तर त्यावर अंगठा ठेवायचा. बाहेरच्यांना याचं हसू येतं, पण आमचा माणूस या अंगठ्यावरूनच ओळखू येतो. कल्पना मूळची घड्याळजींची. आम्ही अकराच जण होतो तेव्हा त्यांनी एकदा गमतीत रिळावर अंगठा ठेवून फोटो काढला होता. तिला नियमात बसवलं मी.

घड्याळजी म्हणजे बाजारामागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचे ते. दुकान बंद करून वर्ष झालं. बावीस वर्षांपूर्वी मला गळाची गाठ त्यांनीच शिकवली आणि तेव्हापासून दर रविवारी तलावाच्या तिसऱ्या पायरीवर आम्ही दोघं. आज मात्र नऊ वाजताच उठले. "दमलो रे," म्हणाले. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. या वयात वजन उतरवायची हौस कुठून आली कोण जाणे.

तलावाच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने मला नवा रॉड दिला. "वापरून बघा, साहेब, आणि खरं काय ते लिहा." माणूस सरळ वाटला.

३ सप्टेंबर, मंगळवार

रॉडबद्दल सविस्तर लिहिलं, सोबत पाच फोटो टाकले. दुकानाचं नाव दिसतंय, पण ही जाहिरात नव्हे, माहिती आहे. चांगली वस्तू कुठे मिळते हे लोकांना कळायला नको?

तासाभरात खाली घड्याळजींची एक ओळ आली. "अंगठा आखडला का रे, रखवालदार?"

रखवालदार हे माझं ग्रुपवरचं नाव. तिथे कुणीच खऱ्या नावाने नसतं. त्या ओळीखाली संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर जण हसून गेले. रॉड आवडला असं सांगणारे एकोणीस.

बायकोला दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरोबरच बोलले की ते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

"माझ्याकडे झाकण्यासारखं आहे काय?"

"रॉडवरचं नाव होतं ना," ती म्हणाली.

५ सप्टेंबर, गुरुवार

हसणारे आता एक्क्याण्णव. त्यांत सहा जण असे, ज्यांना मी स्वतः ग्रुपमध्ये घेतलं. नावं उतरवून ठेवली आहेत.

८ सप्टेंबर, रविवार

वाटलं होतं, घड्याळजी माफी मागतील. कसचं काय! "थट्टा केली रे, मनावर घेऊ नकोस," एवढंच, आणि वर माझ्या पाठीत एक थाप. थाप इतकी हलकी की लागली की नाही तेही कळेना. मी बोललो नाही. रागावलेला माणूस गप्प असला की समोरच्याला बरोबर कळतं, पण ते पाण्याकडेच बघत बसले होते.

तेव्हा त्यांच्या फ्लोटकडे लक्ष गेलं. फ्लोट म्हणजे दोरीला अडकवून पाण्यावर उभी तरंगणारी काडी. मासा लागला की बुडते. घड्याळजी त्या घरी बनवतात, घड्याळाच्या दांडीसारख्या बारीक आणि गुळगुळीत. लाल टोपीखाली त्यांनी दोन काटे रंगवलेत, दहा वाजून दहा मिनिटांवर. दुकानातल्या घड्याळांचे असतात तसे.

ही खूण मी बावीस वर्षं पाहतोय. आज ती नीट पाहिली.

११ सप्टेंबर, बुधवार

तीन संध्याकाळी बसून ग्रुपवरचे जुने फोटो तपासले. तेवीस फोटोंत दहा वाजून दहा! मासा कुणाचा, काठ कुठला, पण काडी यांचीच. वर्षानुवर्षं आमच्या डोळ्यांदेखत यांचा माल मिरवतोय आणि मी, अ‍ॅडमिन, झोपलेला. मला पाण्यात पाहणाऱ्या माणसाला मी पाण्याशेजारी घेऊन बसत होतो.

सूचना काढली. यापुढे हाताने काढलेल्या खुणाही नियम चारमध्ये येतात. त्यावर अंगठा ठेवावा.

झिंगा नावाच्या सभासदाने विचारलं, "त्यांनी मला तो फुकट दिलाय, मग जाहिरात कसली?" त्याला चोवीस तास गप्प केलं.

१५ सप्टेंबर, रविवार

घड्याळजी पायरीवर आले नाहीत. ग्रुपवर मात्र हजर. त्यांनी लिहिलं: "मंडळी, मला माझे फ्लोट वाटून टाकायचेत. विकायचे नाहीत. ज्यांच्याबरोबर कधी काठावर बसलो त्या प्रत्येकासाठी एक केलाय. एकूण एकेचाळीस. घरी येऊन घेऊन जा, गप्पाही होतील." खाली घरचा पत्ता.

खूण झाकायला सांगितली तर हे दुकानच थाटून बसले. फुकट देणं ही तर सगळ्यात जुनी युक्ती. आधी चटक लावायची, मग किंमत सांगायची. दोन मिनिटांत पोस्ट काढून टाकली. दोन तासांनी त्यांनी पुन्हा टाकली, बहुधा चुकून निघाली असं समजून. तीही काढली आणि त्यांना ग्रुपबाहेर केलं.

करण्याआधी दोनदा बटणावरून बोट काढून घेतलं, हे कबूल करतो. पण ओळखीचा म्हणून सोडला, तर उद्या ग्रुपवर माझं कोण ऐकणार?

१७ सप्टेंबर, मंगळवार

फोन आला. आवाज बसलेला.

"अरे, मला सगळ्यांची टोपणनावंच माहीत. झिंगा, पाटबंधारेवाला, अर्धा डझन, मावशी. ग्रुप सोडला तर यांना गाठायचं कुठं?"

"म्हणजे ग्रुपचा वापर करून घ्यायचाय."

"हो," म्हणाले, "वापरच."

कबुली दिली! वेळ लिहून ठेवली, सहा वाजून बारा मिनिटं.

"एकच पोस्ट टाकू दे. मग हाकलून दे मला."

"नव्या सभासदासारखे या. पन्नास साध्या पोस्टी करा, मग पत्ता टाका. नियम सगळ्यांना सारखा."

"पन्नास," ते म्हणाले. "बरं. बघतो जमतंय का."

जमायला काय झालंय? दिवसभर घरीच तर असतात.

१९ सप्टेंबर, गुरुवार

'टिकटिक' या नावाने पुन्हा आले आणि एका दिवसात नऊ पोस्टी. "आज पाणी गढूळ." "वारा नाही." "गळाला गंज लागू नये म्हणून तेलाचं बोट फिरवावं." पोतं ओतल्यासारखं ओततायत. अशाने आठवड्यात पन्नास होतील आणि नियमाचं हसं होईल.

दिवसाला एकच पोस्ट धरली जाईल, असं पोटकलम घातलं. आजची एक.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

त्यांची आजची पोस्ट: "सुप्रभात मंडळी." याचा मासेमारीशी संबंध नाही. धरली नाही.

कचेरीत आज एक म्हातारबाबा तिसऱ्यांदा आले. तिसऱ्या पानावर सही राहिली होती, ती मी पहिल्याच खेपेला सांगायला हवी होती म्हणे. मी म्हटलं, पहिल्या खेपेला पहिल्या पानाची चूक होती.

६ ऑक्टोबर, रविवार

पायरीवर एकटाच. सवय नाही. आमिषाचा डबा दोघांच्या मध्ये ठेवायची सवय हाताला, आज तिथे ठेवला आणि मग आपल्या बाजूला ओढून घेतला.

त्यांनी आज लिहिलं: "बावीस वर्षांपूर्वी तिसऱ्या पायरीवर एका कारकुनाला गाठ शिकवली. पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने स्वतःच्या शर्टात गळ तीनदा अडकवला. चौथ्यांदा माझ्या. तो शर्ट अजून आहे." खाली लोक पोट धरून हसले. टीका व्यक्तिगत होती, तरी धरली. माझं मन मोठं आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

"खिडकीतून तलाव दिसत नाही. तरी पाणी आज शांत असावं." ही त्यांची पोस्ट. पाण्याला न जाता पाण्याबद्दल लिहिणं म्हणजे सरळ फसवणूक. धरली नाही.

अक्षरंही गाळतायत हल्ली. शब्द अर्धे. बारीक कामातला माणूस इतका निष्काळजी झालेला पाहून वाईट वाटलं.

२० ऑक्टोबर, रविवार

बायको घड्याळजींकडे जाऊन आली. मला न विचारता. आल्यावर चपला काढायच्या आधी बोलायला लागली.

"अंथरुणाला खिळलेत ते. पाय सुजलेत. बोलताना दम लागतो. लेक उशीला टेकवून बसवते, मग एका बोटाने फोनवर काहीतरी लिहितात. मी विचारलं, काय चाललंय, तर म्हणाले, परीक्षा. अहो, कसली परीक्षा?"

"ग्रुपची. पद्धत आहे ती."

तिने चपला काढल्या. "जाऊन या एकदा."

मला जायचं होतं, हे इथे स्पष्ट लिहितो. पण प्रकरण चालू असताना संबंधित माणसाला घरी जाऊन भेटणं बरं दिसत नाही. निकाल लागला की जाईन.

"उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आजची पोस्ट: "रखवालदार, येऊन जा रे एकदा."

हा खासगी निरोप आहे. चार हजार लोकांसमोर लिहायची गरज नव्हती. धरली नाही.

जायचं मात्र पक्कं आहे. आणखी दोन आठवड्यांचा तर प्रश्न.

२ नोव्हेंबर, शनिवार

दुकानदाराने बोलावून चहा पाजला. मला तो दुकानाचा 'मानद सल्लागार' म्हणणार आहे. रीळही दिलं. घेताना मी बजावलं की माझ्या मतावर याचा काही परिणाम होणार नाही. तो म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला देतोय." असा माणूस ओळखणारा दुर्मीळ.

७ नोव्हेंबर, गुरुवार

टिकटिक: "आज पन्नास. उद्या पत्ता टाकतो."

हिशोब कच्चा. धरलेल्या सत्तेचाळीस, त्यात ही आजचीसुद्धा उदार मनाने धरली आहे. लगेच निरोप पाठवला: "अजून तीन." त्यांनी वाचल्याची खूण आली, उत्तर नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पोस्टच नाही. तीन राहिल्या असताना सोडून दिलं. इतकी वर्षं घड्याळाच्या पोटात डोळा घालून बसणारा माणूस, आणि चिकाटी एवढीच.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी टिकटिकच्या खात्यावरून पोस्ट आली. लिहिलं होतं त्यांच्या लेकीने.

"बाबा काल गेले. त्यांनी तुम्हा सगळ्यांसाठी केलेले फ्लोट घरी आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे. मला तुम्ही कोण ते माहीत नाही. पुढच्या रविवारी, १७ तारखेला, नऊ ते बारा घरी या." खाली तोच पत्ता.

मी दात घासत होतो. तोंडातला फेस तसाच ठेवून तीनदा वाचलं. मग तोंड धुतलं आणि पोस्ट काढली. चार मिनिटं राहिली होती ती. सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस, आणि पत्ता म्हणजे पत्ता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. उद्या कुणीही घरातल्या मरणाचं निमित्त करून माल वाटेल.

बायकोला सांगितलं ते फक्त घड्याळजी गेले एवढंच. तिला ते कालच कळलं होतं. मला का सांगितलं नाही, विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही धरलं असतं का?"

१० नोव्हेंबर, रविवार

ग्रुपला बातमी कळवणं माझं कर्तव्य होतं. श्रद्धांजली लिहिली. पायरी, गाठ, बावीस वर्षांची मैत्री, आणि ग्रुप उभा करताना मी घेतलेले कष्ट त्यांनी कसे जवळून पाहिले, हे सगळं आलं. फोटो आम्हा दोघांचा शोधला. त्यांच्या हातातला फ्लोट खुणेसकट दिसत होता, म्हणून फोटो कापला. त्यात त्यांचा हात गेला आणि थोडा खांदा.

संध्याकाळपर्यंत सहाशे बारा जणांनी हात जोडले. इतके आजवर माझ्या कुठल्याच लिखाणाला मिळाले नव्हते. वाचताना माझेच डोळे भरून आले.

झिंगाने विचारलं, "घरी भेटायला जायचं होतं, पत्ता कुणाकडे आहे?" खासगी माहिती म्हणून प्रश्न काढून टाकला. दुकानदाराने फुलं टाकून, या आठवड्यात सगळ्या रिळांवर सूट आहे, असं लिहिलं. ते दुःखाच्या भरात लिहिलेलं आहे, राहू दिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पायरीवर गेलो, मासा नाही. नऊ ते बारा या वेळात सारखं घड्याळ बघितलं गेलं.

बायको त्यांच्याकडे गेली होती. परत आल्यावर सांगितलं, "टेबलावर चादर घालून सगळे ओळीने मांडले होते पोरीने. खुर्च्या शेजारून मागून आणल्या होत्या. बारापर्यंत मी एकटीच." मग तिने आपलं अंथरूण बैठकीच्या खोलीत नेलं. पाठ दुखते म्हणाली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कचेरीत खिडकीवर घड्याळजींची लेक उभी. चष्म्याच्या दुकानात काम करते. लहान असताना पायरीवर यायची, तेव्हा मला काका म्हणायची. आजही म्हणाली. रांगेत उभी राहून आली होती.

"काका, पन्नास झाल्या होत्या ना? मी रोज मोजत होते. शेवटी शेवटी ते सांगायचे आणि मी लिहायचे."

म्हणजे काही पोस्टी त्यांच्या हातच्या नव्हत्याच! हे आधी कळलं असतं तर आकडा आणखी खाली आला असता. पण तिला तसं बोललो नाही. मागे आठ माणसं होती.

"त्यांनी शेवटचा निरोप वाचला?" मी विचारलं.

"मी वाचून दाखवला. अजून तीन. तर हसले."

"हसले?"

"हो. म्हणाले, पोरगा कामात पक्का आहे. मग म्हणाले, त्याचा सगळ्यात वर ठेव, तो येईल."

तिने काचेखालून पत्र्याचा डबा आत सरकवला. आत एकेचाळीस काड्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, मुंगीच्या पायांसारखं अक्षर. 'पाटबंधारेवाला. डोळे अधू, टोपी पिवळी केली.' 'मावशी. हात हलका, वजनाचं शिसं कमी.' 'झिंगा. वाऱ्यात बसतो, दांडी लांब.'

"मला कुणीच ओळखू येत नाही. तुम्हाला येतात. पोचवाल?"

मी पोच लिहून दिली. शिक्का मारून.

चाळीस फ्लोट घरी कपाटात ठेवले आहेत. मृत सभासदाच्या वस्तू ग्रुपमार्फत वाटण्याबद्दल आपल्याकडे नियम नाही. तो करावा लागेल. घाई करून चालणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

माझी चिठ्ठी आज सोडली. 'रखवालदार. झटका लवकर मारतो. टोपी जाड केली आहे, म्हणजे थांबेल.'

लावून पाहिला. माझी दोरी, माझं शिसं, माझं आमिष, सगळं जसं तोलून घेतलेलं. पाण्यात पडला आणि सरळ उभा राहिला. बावीस वर्षांत माझा एकही फ्लोट असा उभा राहिलेला नाही. मला भयंकर राग आला. इतकं अचूक करायची गरज काय होती? मरणाच्या दारात बसून माणसाने दुसऱ्याच्या दोरीचं वजन करावं? पायरीवर बसून मी मोठ्याने काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. पलीकडच्या काठावरच्या माणसाने वळून पाहिलं.

मग तो हलला. नेहमीसारखा झटका मारायला गेलो, पण टोपी बुडेना. थांबावं लागलं. थांबलो, आणि मग बुडाली.

सात किलो दोनशे. आयुष्यातला सगळ्यात मोठा. धरायला, फोटो काढायला शेजारी कुणी नव्हतं. फोन डब्याला टेकवून ठेवला, दहा सेकंदांचा वेळ लावला. एका हातात मासा पेलवेना, म्हणून मांडीवर घेतला. दुसऱ्या हातात फ्लोट, दहा वाजून दहावर अंगठा. तीन फोटो काढावे लागले, कारण पहिल्या दोनांत एक काटा दिसत होता. तिसऱ्यात अंगठा बरोबर बसला. मासा सोडून दिला.

घरी येऊन टाकला. दुपारपर्यंत तीनशे चाळीस. झिंगाने विचारलं, "जबरदस्त! फ्लोट कुणाचा?"

प्रश्न काढून टाकला. नियम चार.